मेंढरं मोजायची नसतात

आयुष्यात मी जी काही मूर्खपणाची कामं केली, त्यातलं एक तर मी खडूनं फळ्यावर लिहूनच ठेवलं होतं, तेही सुंदर अक्षरात.

तेव्हा मी तलवाड्यापासून पायी अर्ध्या तासावरच्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी हेडमास्तरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. तलवाड्यात नुकताच एस्टीडीचा पिवळा बोर्ड लागला होता. तेलगावला माझ्या माहेरी आमचं धान्याचं आणि किराण्याचं दुकान, तिथं शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकू लागल्या होत्या. सगळीकडं नवं काहीतरी येत होतं आणि मीही मागं राहणारी नव्हते. तालुक्याच्या प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की मुलांना त्यांच्या परिसरातून शिकवा. ते ऐकून मी अशी काही पेटले होते की वस्तीतलं एकही झाड मी विनाकारण उभं राहू दिलं नाही. प्रत्येकाखाली एक तास घेतला.

वर्गात बहुतेक मुलं शेतकऱ्यांची. दोन-चार धनगरांची. त्यांची घरं गायरानाच्या कडेला, आणि घरं म्हणजे तरी काय, पावसाळ्यापुरती. दिवाळी झाली की ती माणसं मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगानं निघायची, ती जूनलाच परतायची. त्यांच्यातली एक मुलगी तिसरीत होती. खिडकीजवळ बसायची. बाकीची पोरं तिच्यापासून वीतभर सरकून बसायची, लोकरीचा वास येतो म्हणून. यावर मी काय केलं? तिलाच म्हटलं, "आंघोळ करून येत जा गं." ती रोज आंघोळ करूनच यायची. वास तिच्या घोंगडीच्या दप्तराला होता, आणि आता विचाराल तर तो काही वाईट वास नव्हता. हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात.

ही मुलगी गणितात मला कोड्यात टाकायची. आंब्यांची गणितं बरोबर, पेरूंची बरोबर, चिंचोके पुढं टाकले तर फटाफट. पण पुस्तकातलं बकऱ्यांचं गणित आलं की वही कोरी. बैलांचं आलं, कोरी. मी ओरडले तरी ती खाली बघायची. मला वाटलं, हट्टी आहे. मग माझ्या प्रशिक्षित डोक्यात कल्पना आली की हिला हिच्याच घरच्या मेंढरांवर गणित शिकवावं. काय ती कल्पना! त्या रात्री मी स्वतःवर इतकी खूश होते की जेवताना दोनदा नवऱ्याला सांगितलं.

शनिवारी सकाळची शाळा. सगळा वर्ग घेऊन मी गायरानावर गेले. तिचे वडील काठी टेकून उभे होते, समोर मेंढरं पसरली होती. मी रामराम घातला आणि मुलांना म्हटलं, "बोट दाखवून मोजा. मोठ्यानं." पोरांना काय, आयतीच मौज. सगळी एका सुरात मोजू लागली. ती मुलगी माझ्या पदराला धरून उभी राहिली. तिच्या वडिलांनी खांद्यावरची घोंगडी काढली, दोन्ही हातांनी पसरून धरली आणि ते मुलांच्या बोटांच्या आणि कोकरांच्या मधे येऊन उभे राहिले. मला वाटलं, बसायला अंथरतायत. मी म्हटलं, "राहू द्या मामा, आम्ही उभेच बरे." ते घोंगडी तशीच धरून राहिले. मी थोडी बाजूला सरकले आणि पलीकडची कोकरंही मोजून घेतली.

शाळेत येऊन तो आकडा फळ्यावर लिहिला, शेजारी त्या मुलीचं नाव. तिचा मान वाढावा म्हणून. शाळा सुटताना ती फळ्यापाशी आली. "बाई, पुसू का?"

"राहू दे. सोमवारी गुरुजींना दाखवू."

सोमवारी ती आली नाही. मुलांकडून कळलं की रविवारी त्यांची एक गाभण मेंढी पोट फुगून गेली. मंगळवारी तिचे वडील शाळेत आले, पायातलं काढून दाराबाहेर उभे राहिले, आणि मेंढीबद्दल एक शब्दही न बोलता हेडमास्तरांना म्हणाले, "पोरीचं नाव काढून टाका गुरुजी."

हेडमास्तरांनी खिशातलं पेन काढलं. माणूस वाईट नव्हता. पण दरवर्षी दिवाळीनंतर या मुलांची नावं कमी करायची, जूनला पुन्हा घालायची, वरून साहेबाची बोलणी खायची, याला तो कंटाळला होता. "नाहीतरी दिवाळीत काढायचंच होतं," ते म्हणाले. मी त्यांच्या हाताखालून हजेरीपट ओढून घेतला. ओढून, खरंच. आधी विनंती करावी हे मला नंतर सुचलं. "दोन दिवस द्या," मी म्हटलं. वडील माझ्याकडं न बघता चपला घालून गेले.

आमच्या शाळेतून धनगरांची एकही मुलगी चौथी पास होऊन गेली नव्हती. ही गेली असती. आणि तिचं नाव माझ्या चांगल्या अक्षरातल्या फळ्यामुळं जाणार होतं. मी आधी फळा पुसला. मग त्या संध्याकाळी गायरानाकडं निघाले. काय बोलायचं ते वाटेत ठरवत होते. अंधश्रद्धा या विषयावर माझं एक छान भाषण तयार होतं.

ते भाषण तोंडातच राहिलं.

मी पोचले तेव्हा मेंढरं दिवसभर चरून परत येत होती. कोकरं घरीच पालथ्या डालग्यांखाली, त्या मोठ्या विणलेल्या टोपल्यांखाली, झाकून ठेवलेली. आया लांबून ओरडत येत होत्या, डालग्यांखालून पोरं ओरडत होती, आणि त्या गोंगाटात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. ती मुलगी मधोमध उभी होती. तिनं मला पाहिलं, पण हातातलं काम सोडलं नाही. डालगं उचलायची, दोन कोकरं दोन काखेत घ्यायची, त्या धुळीत आणि गर्दीत शिरायची, आणि एक कोकरू एका मेंढीखाली, दुसरं दहा हातांवरच्या दुसरीखाली. परत यायची, पुढची दोन. मला तर सगळी मेंढरं सारखीच दिसत होती आणि सगळी कोकरंही सारखीच. ही एकदाही थांबली नाही. एकदाही चुकली नाही. चुकली असती तर लगेच कळलं असतं, कारण मेंढी परक्या कोकराला ढुसणी देते. एकाही मेंढीनं ढुसणी दिली नाही. हळूहळू गोंगाट कमी होत गेला, एकेक तोंड दुधाला लागत गेलं, आणि शेवटी इतकं शांत झालं की फक्त चुटूचुटू पिण्याचा आवाज राहिला.

मी तिथं तोंड उघडं टाकून उभी होते. नऊ वर्षांची पोर! वर्गात मी तिला हट्टी ठरवून मोकळी झाले होते. माझ्या अंगावर काटा आला, आणि लाजेनं नाही, तो नंतर. आधी आला तो नुसत्या अचंब्यानं.

"हे तुला कसं कळतं गं?" मी विचारलं.

तिला प्रश्नच कळला नाही. थोडा वेळ विचार करून म्हणाली, "बाई, तुमी आमाला कसं वळखता?"

तिची आई चुलीपाशी बसली होती. तिनं मला बसायला घोंगडी दिली, या वेळी खरोखर बसायलाच. चहा दिला. मी म्हटलं, "वहिनी, माझं चुकलं. पण काय चुकलं ते सांगा."

ती हसली. "बाई, तुमी आधी मालकाचं नाव घ्या बगू."

मी डी.एड. झालेली, पगार कमावणारी, गावातल्या बायकांना सह्या शिकवणारी. पण नवऱ्याचं नाव तोंडातून येईना. फॉर्मवर लिहायची, बोलायची नाही.

"कावून घेत न्हाई? नाव घेतलं तर काय हुतंय?"

"तसं काही होत नाही," मी म्हटलं.

"मंग घ्या की."

मी हसले, ती हसली, आणि माझं सगळं भाषण चहात विरघळून गेलं.

मग तिचे वडील बोलले. गोठ्याच्या कडेला बसूनच, माझ्याकडं पाठ करून. "बाई, आमी मेंढरं इकायच्या दिवशी मोजतो. खाटीक येतो, यापारी येतो, तवा मोजायचं. मोजलेलं जनावर घरचं ऱ्हात न्हाई. तुमी पोरं घेऊन आलात, बोटं दाखवून मोजायला लागलात, मला वाटलं सगळाच कळप दारातून चालला." पुढं म्हणाले, "त्यात कोकरं. ज्यानं अजून धड रान बगितलं न्हाई, त्याला मोजायचं?"

"मग एखादं हरवलं तर कळतं कसं?"

आता ते वळले. माझी त्यांना खरोखर कीव आली असावी. "हरवलं तर दिसतंय की बाई. जे न्हाई ते दिसतंय."

हे वाक्य मी पुढं किती वेळा मनात म्हटलं असेल! पण तेव्हा मला फक्त नावाची पडली होती. मी हात जोडले. म्हटलं, फळा पुसलाय, पुन्हा असं होणार नाही, पोरीला पाठवा. मुलगी डालगी एकात एक रचत होती आणि आमच्याकडं कान देऊन होती. शेवटी ते म्हणाले, "दिवाळीपातूर येईल. फुडचं फुडं. पर तिला मोजायचं न्हाई. बोट दाखवून तर न्हाईच न्हाई."

परतताना रस्त्यात मला एकदम आठवलं. आमच्या दुकानात माझे वडील, आप्पा, ज्वारी मापून द्यायचे तेव्हा पहिलं माप 'एक' म्हणून कधी टाकलं नाही. लाभ, दोन, तीन, चार. लहानपणी मी गल्ल्याशेजारी बसून हेच ऐकत मोठी झाले. एकदा मी शहाणपणानं "आप्पा, एक म्हणा की" म्हटलं तर त्यांनी माप खाली ठेवून माझ्याकडं असं बघितलं होतं की मी पुन्हा त्यावर तोंड उघडलं नाही. "बरकत ऱ्हाऊ दे दुकानात," एवढंच म्हणाले होते. संध्याकाळी आम्ही दुकान बंद करत नव्हतो, वाढवत होतो. आणि मी, त्याच दुकानातली लेक, दुसऱ्याच्या दारात जाऊन त्यांची बरकत बोटांनी टोचून आले. आपले ते संस्कार आणि दुसऱ्याचं ते अडाणीपण, हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं होतं कोण जाणे. मी ते न शिकवताच शिकले होते.

दुसऱ्या दिवशी ती आली. मी बकऱ्या, बैल, कोंबड्या सगळ्यांना गणितातून सुट्टी दिली. त्यांच्या जागी चिंचोके, भाकरी आणि विटा आल्या. हजेरी घेताना आकडे सोडले, नावं घेऊ लागले. आणि एक दिवस तिला फळ्यापुढं उभं केलं. "आम्हाला ओळखायला शिकव," मी म्हटलं आणि तिच्याच जागी खिडकीजवळ जाऊन बसले. आधी ती लाजली. मग म्हणाली, "पैलं कान बगायचा. मंग चाल. मंग आवाज. तोंड शेवटी, तोंड समद्यांचं सारखंच असतंय." पोरं हसली. पण चारच दिवसांत वर्गभर तोच खेळ सुरू झाला. भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं आणि आत कोण आलं ते पावलांवरून सांगायचं. खिडकीजवळची वीतभर जागा कधी भरली ते मला कळलंही नाही. एक मात्र दिसलं की तिच्या घोंगडीच्या दप्तरावर हात फिरवायला पोरींची भांडणं लागत होती.

दिवाळीच्या सुट्टीआधी आमची सहल लिंबागणेशला गेली. गणपतीचं दर्शन, देवळाच्या आवारात डबे, संध्याकाळच्या आत परत. भाड्याचा टेम्पो. तिच्या वडिलांनी तिला पाठवलं, पण सोडायला आले तेव्हा मला पुन्हा बजावलं, "बाई, सांगितलेलं ध्यानात हाय ना?" मी मान डोलावली. हेडमास्तर मात्र मला आधीच म्हणाले होते, "दिवाळीनंतर नाव कमी करणार हां मी. मला कागद सांभाळायचेत."

दर्शन झालं, डबे झाले. निघायची वेळ आली. देवळापुढं त्या गावच्या शाळेची मुलंही हुंदडत होती. सगळ्या जिल्हा परिषदेच्या शाळांचा एकच गणवेश, पांढरा आणि निळा. मुलं टेम्पोत चढली. ड्रायव्हर घाई करत होता. हेडमास्तर फळीला धरून उभे राहिले आणि बोट दाखवत मोजू लागले. त्या मुलीनं डोक्यावर दप्तर धरलं. मी म्हटलं, "गुरुजी, बोट नको." ते म्हणाले, "बाई, लेकरं परक्या गावात आणलीयत. मोजू नको तर काय करू?" त्यांनी मोजलं, जुळलं. पुन्हा मोजलं, पुन्हा जुळलं. टेम्पो निघाला.

देऊळ मागं पडलं तेवढ्यात माझा पदर ओढला गेला. ती मुलगी टेम्पोभर नजर फिरवत होती, अगदी त्या दिवशी मेंढरांवरून फिरवत होती तशी.

"बाई, आपलं एक न्हाई," ती म्हणाली. "अन् एक आपलं न्हाई."

हेडमास्तर ओरडले, "दोनदा मोजलंय! बस खाली."

आज सांगायला सोपं वाटतं. तेव्हा एका बाजूला दोनदा जुळलेला आकडा होता, आणि दुसऱ्या बाजूला तिसरीतली पोर. पण मला ती डालगी आठवली, आणि ढुसणी न देणाऱ्या मेंढ्या आठवल्या. मी टेम्पोच्या टपावर दोन्ही हातांनी बडवलं. "थांबवा! गाडी थांबवा!"

ती मुलांतून वाट काढत गेली आणि अगदी कोपऱ्यात बसलेल्या एका छोट्या मुलीपाशी थांबली. तोच गणवेश, तशाच दोन वेण्या. त्या गावचीच होती. टेम्पोत बसायची हौस, म्हणून गुपचूप चढली होती, आणि हेडमास्तरांनी दोन्ही वेळा तिलाही मोजलं होतं. आमची पहिलीतली एक पोर तिथं नव्हती.

आम्ही मागं गेलो. टेम्पो वळेपर्यंतचा तो वेळ मी कसा काढला ते माझं मला माहीत. आमची पोर देवळाशेजारच्या बांगड्यांच्या दुकानापुढं फतकल मारून बसली होती आणि कासारीण बांगड्या भरत होती ते एकटक बघत होती. ती हरवली होती हे तिला माहीतच नव्हतं. मी तिला उचललं आणि रडले. हेडमास्तर देवळाच्या पायरीवर मटकन बसले. पाणी प्यायले. मग उठून त्या धनगराच्या लेकीपुढं गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

वस्तीवर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. पालक फाट्यावर वाट बघत होते. तिचे वडीलही आले होते, मेंढरं कुणाच्या तरी भरवशावर टाकून. मुलं एकेक करून खाली उतरली आणि धुरळ्यात घोळका करून उभी राहिली. उतरल्या उतरल्या पोरांनी सगळी हकीकत सांगून टाकली. कसं मोजलं, कसं जुळलं, आणि हिनं कसं ओळखलं. वडील ऐकत होते. त्यांनी आपल्या लेकीकडं बघितलं नाही. त्यांनी सगळ्या मुलांवरून एकदा नजर फिरवली, शेतकऱ्यांच्या, मारवाड्याच्या, कुंभाराच्या, सगळ्यांच्या लेकरांवरून, घाई न करता.

"आली सगळी," ते म्हणाले.

मग हेडमास्तरांकडं वळून म्हणाले, "गुरुजी, आमी जूनमधी येतो. तवर तिचं नाव ऱ्हाऊ द्या."

हेडमास्तरांचा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडं गेला. तिथंच थांबला. "ऱ्हाईल," ते म्हणाले. "साहेबाला मी बघतो."

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मी वर्गाच्या दारात उभी राहिले. हातात हजेरीपट होता, तो उघडला नाही. आधी कान, मग चाल, मग आवाज, असं एकेका लेकरावरून बघत गेले. खिडकीकडं मुद्दाम शेवटी वळले. घोंगडीचं दप्तर मांडीवर घेऊन ती बसली होती, उन्हानं आणखी काळी झालेली, आणि माझ्याआधीच तिची नजर वर्गभर फिरून आली होती.

"आली सगळी, बाई," ती म्हणाली.